डॅनियल बूनचे कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅनियल बून म्हटलं की खांद्यावर लांब बंदूक, पाठीमागे जंगल आणि डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी, हे चित्र डोळ्यांपुढे येतं. टोपीपासूनच गडबड आहे. तो साधी फेल्ट हॅट घालायचा. त्याचे कागद वाचायला घेतले की बाकीचं चित्रही हलायला लागतं. तिथे शिकारी कमी भेटतो. भेटतो तो जमीन मोजणारा, उधारीवर माल देणारा, कोर्टात साक्षीला उभा राहणारा आणि सावकारांना तोंड देणारा माणूस. या कागदांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बून नक्की कोण होता? सैनिक, शिकारी की आमदार?

तिन्ही. जन्म २ नोव्हेंबर १७३४, पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबात (जुन्या कालगणनेने २२ ऑक्टोबर, दोन्ही तारखा छापील मजकुरात आढळतात, गोंधळून जाऊ नका). १७५५ साली ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फसलेल्या मोहिमेत तो गाडीवान होता. १७६९ मध्ये कंबरलँड खिंडीतून केंटकीत उतरला. १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया या जमीन कंपनीसाठी त्याने ‘वाइल्डरनेस रोड’ची वाट पाडली आणि बून्सबरोची गढी उभी राहिली. अमेरिकेच्या क्रांतियुद्धात तो व्हर्जिनियाच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, वर चढत लेफ्टनंट कर्नल झाला. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता, म्हणून व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर तो १७८१, १७८७ आणि १७९१ असा तीनदा निवडून गेला. २६ सप्टेंबर १८२० रोजी मिझुरीत मुलाच्या घरी वारला.

त्याचे कागद आज कुठे आहेत?

सगळ्यात मोठा साठा विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरातल्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. बून विस्कॉन्सिनमध्ये कधी राहिला नाही. तरी कागद तिथे, कारण लायमन कोपलंड ड्रेपर नावाच्या माणसाने ते तिथे नेले.

याखेरीज गव्हर्नरांना लिहिलेली सरकारी पत्रं व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला. जमिनीच्या मोजण्या आणि पट्टे केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफर्टच्या लँड ऑफिसात. आणि खटल्यांतल्या साक्षी जिथे खटला चालला त्या त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात. एका जागी बसून बून पुरा वाचता येत नाही.

हा ड्रेपर कोण? कागद त्याच्या हाती कसे लागले?

ड्रेपर १८१५ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. चणीने अगदी लहान, जेमतेम पाच फूट उंच, आणि प्रकृतीने सदा कुरकुरणारा. सरहद्दीवरच्या वीरांची चरित्रं लिहायची हा ध्यास त्याने तरुणपणीच घेतला आणि मग म्हाताऱ्या सैनिकांच्या, त्यांच्या मुलानातवंडांच्या दारोदार हिंडू लागला. मिळतील ती जुनी पत्रं, हिशेबवह्या घ्यायच्या आणि समोरच्याच्या आठवणी उतरवून घ्यायच्या, हा त्याचा क्रम.

१८५१ च्या शरदात तो मिझुरीत नेथन बूनकडे पोचला. नेथन हा डॅनियलचा सर्वांत धाकटा मुलगा. तोही फौजी माणूस. अमेरिकी घोडदळात अधिकारी होता आणि १८२० साली मिझुरीची राज्यघटना करणाऱ्या परिषदेतही बसला होता. ड्रेपरने नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांना दिवसेंदिवस प्रश्न विचारले. त्या टिपणांची तीनशेहून अधिक पानं भरली. निघताना नेथनने वडिलांचे उरलेले कागदही त्याच्या हवाली केले.

१८५४ पासून ड्रेपर मॅडिसनच्या सोसायटीचा चिटणीस झाला आणि ते काम त्याने तीसेक वर्षं केलं. गंमत अशी की ज्या चरित्रासाठी हा सगळा खटाटोप, ते बूनचं चरित्र त्याने कधी पुरं केलंच नाही. एक नवा कागद हाती आला की आधीचं प्रकरण अपुरं वाटायचं. १८९१ मध्ये तो गेला आणि संग्रह सोसायटीला मिळाला. केंटकी-टेनेसीकडे मात्र बराच काळ बोललं जाई की या गृहस्थाने ‘वाचून परत करतो’ म्हणून नेलेले कागद परत केलेच नाहीत. त्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही. पण घरोघरी राहिले असते तर त्यातले किती चुलीत आणि किती वाळवीच्या पोटात गेले असते, हेही विचारायला हवं.

पुस्तकांत ‘६ एस १०३’ असे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ काय?

ड्रेपरच्या मृत्यूनंतर, त्याच्या जागी आलेला चिटणीस रूबेन गोल्ड थ्वेट्स याच्या देखरेखीखाली सगळे कागद बांधून त्यांचे जवळजवळ पाचशे खंड करण्यात आले. विषयवार पन्नास मालिका पाडल्या आणि प्रत्येकीला इंग्रजी अक्षर दिलं. आधी खंड, मग मालिका, मग पान, असं वाचायचं. म्हणजे एस मालिकेचा ६ वा खंड, पान १०३. नेथनची मुलाखत याच खंडात आहे.

बूनसाठी तीन अक्षरं लक्षात ठेवा. ‘सी’ म्हणजे बूनचे कागद, ३३ खंड. ‘बी’ म्हणजे ड्रेपरने लिहायला घेतलेलं अर्धवट चरित्र. ‘एस’ म्हणजे ड्रेपरची टिपणं. नवख्याची नेहमीची चूक अशी की तो ‘सी’ मालिका उघडतो आणि तिथला प्रत्येक कागद बूनच्या हातचा समजतो. तसं नाही. त्यातला मोठा भाग बून गेल्यावर अनेक वर्षांनी नातेवाइकांनी ड्रेपरला लिहिलेली पत्रं आहेत. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. इथे दोन्ही एकाच बांधणीत आहेत, इतकंच.

बूनच्या स्वतःच्या हातचं काय आहे?

मोजणीच्या वह्या, हिशेबाची पानं, पावत्या, कर्जरोखे, जमिनीसंबंधी चिठ्ठ्या, गव्हर्नरांना केलेले अर्ज. मनातलं मोकळेपणाने सांगणारं पत्र शोधायला गेलात तर निराश व्हाल. रोजनिशी नाही. पोटचे दोन मुलगे मारले गेले, जेम्स १७७३ मध्ये एका हल्ल्यात आणि इस्रायल १७८२ मध्ये केंटकीतल्या ब्लू लिक्सच्या लढाईत. त्या लढाईनंतर अकरा दिवसांनी, ३० ऑगस्टला, बूनने व्हर्जिनियाचा गव्हर्नर हॅरिसन याला पत्र लिहिलं. त्यात शत्रूचं बळ किती, आपली माणसं किती, मदतीला पाचशे शिपाई पाठवा, असं सगळं आहे. पत्र अधिकाऱ्याचं आहे. बापाचं पत्र त्याने लिहिलं असलं तर आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

मोजणीच्या वह्यांत एवढं पाहण्यासारखं काय आहे?

माझ्या मते सगळ्या साठ्यात खरा बून इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

व्हर्जिनियाने १७७९ मध्ये जमिनीचा कायदा केला. १७७८ सुरू होण्याआधी केंटकीत वस्ती केलेल्याला ४०० एकर, आणि शेजारची आणखी १००० एकर घेण्याचा पहिला हक्क. इतरांसाठी खजिन्यातून वॉरंट विकत मिळे. दर शंभर एकराला ४० पौंड, तेही दिवसेंदिवस घसरणाऱ्या कागदी चलनात. वॉरंट म्हणजे जमीन नव्हे, जमीन मागण्याचा परवाना. तो घेऊन काउंटीच्या मोजणीदाराकडे जायचं, ‘अमुक झऱ्यापासून तमुक ओढ्यापर्यंत’ अशी नोंद करायची, मग मोजणी करून घ्यायची, नकाशा आणि वर्णन वर पाठवायचं, आणि कुणी हरकत घेतली नाही तर पट्टा मिळायचा. एकेका पायरीला फी, एकेका पायरीला मुदत. एक चुकली की खालचं सगळं कोसळलं.

सरकारने आधी सगळा मुलूख मोजून चौकोन पाडलेत, असं केंटकीत झालं नाही. ती पद्धत ओहायो नदीच्या उत्तरेला, १७८५ च्या कायद्यानंतर आली. केंटकीत ज्याने त्याने आपापली हद्द आखली आणि खुणा म्हणजे झाडं: दोन साखरी मेपल आणि एक पांढरा ओक, तिथून इतके पोल पूर्वेला, मग ओढ्याकाठच्या एल्मपर्यंत. झाड पडलं, कुणी तोडलं किंवा शेजाऱ्याने तसल्याच दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवलं की भांडण पेटलं. छपरावरच्या कौलांसारखे दावे एकमेकांवर चढले. तिथले लोक याला ‘शिंगल्ड’ दावे म्हणत.

बून हा फयेट काउंटीचा मोजणीदार टॉमस मार्शल याच्या हाताखाली उपमोजणीदार होता. जंगल त्याला तळहातासारखं माहीत होतं, त्यामुळे चांगली जमीन कुठे हे तो सांगू शकत असे आणि लोक त्याच्याकडे येत. पण जमीन ओळखणं वेगळं आणि कोर्टात टिकेल असा कागद करणं वेगळं.

नोंदींतला ‘पोल’ म्हणजे किती?

साडेसोळा फूट. गुंटर साखळी ६६ फुटांची, म्हणजे चार पोल. आपल्याकडे सातबारा वाचणाऱ्याला हे सोपं जावं. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि ३३ फूट म्हणजे बरोबर दोन पोल. चार चौरस पोलांचा एक गुंठा, १६० चौरस पोलांचा एक एकर. माप इंग्रजांचंच, ते इकडे आलं आणि तिकडेही गेलं.

स्वतः मोजणीदार असून त्याच्या जमिनी गेल्या कशा?

पहिला फटका ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीचा. हेंडरसनने सिकमोर शोल्स इथे चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या प्रमुखांकडून विकत घेतलेली जमीन व्हर्जिनियाने १७७८ मध्ये अमान्य केली. हेंडरसन आणि मंडळींना भरपाई म्हणून दोन लाख एकर मिळाले. वाट पाडणाऱ्या बूनला कंपनीने कबूल केलेले दोन हजार एकर कागदावरच विरले.

पुढे त्याने स्वतःच्या नावे हजारो एकरांचे दावे केले, त्यातले बरेच सदोष निघाले. काही ठिकाणी आधीचा दावेदार होता, काही ठिकाणी पुढची पायरी पुरी करायची राहिली. काही जमिनी त्याने विकल्या, मग खरेदीदाराचा हक्क कोर्टात हरला आणि पैसे परत करण्याची जबाबदारी बूनवर आली. इतरांच्या खटल्यांत तो साक्षीला जाई. ज्याच्या विरुद्ध साक्ष जाई तो त्याचा वैरी होई. शेवटी शेवटी त्याने भांडणंच सोडून दिली. बून साधाभोळा, वकिलांनी त्याला लुबाडलं, ही गोष्ट केंटकीत फार आवडीने सांगितली जाते. कागद तिला अर्धाच दुजोरा देतात. तो स्वतः जमिनीच्या सट्ट्यात पुरता उतरला होता.

१७८० च्या चोरीचं प्रकरण काय?

त्या वर्षी वसाहतीतल्या बऱ्याच लोकांनी वॉरंट घेण्यासाठी आपापले पैसे बूनकडे दिले. तो व्हर्जिनियाच्या राजधानीकडे निघाला. वाटेत एका खाणावळीत मुक्काम केला, सकाळी उठतो तो पैसे गायब. रक्कम वीस हजार डॉलरांच्या घरातली, कागदी चलनात.

टॉमस आणि नॅथनियल हार्ट या भावांचं त्यात मोठं नुकसान झालं. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॉमसने भावाला लिहिलं की बूनला मी हलाखीच्या दिवसांतही पाहिलं आहे आणि तेव्हाही तो उदार मनाचाच आढळला, अशा सरळ माणसाच्या नावाला काळिमा लावणारे निघावेत इतके लोक बिघडले आहेत. ज्याचे पैसे बुडाले त्याने लिहिलेलं हे प्रशस्तिपत्र आहे, म्हणून त्याचं वजन. सगळे काही हार्टांसारखे नव्हते. काहींनी पैसे परत मागितले आणि बून ते कित्येक वर्षं फेडत राहिला.

दुकानाचे हिशेब कसे वाचायचे?

१७८० च्या दशकात बून ओहायो नदीकाठच्या लाइमस्टोनला (आजचं मेझव्हिल) खाणावळ आणि दुकान चालवत होता, शिवाय घोड्यांचा व्यापार. नदीतून येणारे बरेच नवे वसाहतवाले तिथे उतरत. हिशेब पौंड, शिलिंग, पेन्समध्ये: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. पण हा लंडनचा पौंड नव्हे, व्हर्जिनियाचा. व्हर्जिनियात ६ शिलिंगांचा एक स्पॅनिश डॉलर धरत. रोख फारशी दिसत नाही. कातडी, घोडा, मोजणीची मजुरी, जमिनीतला वाटा, असल्या गोष्टींनी खाती मिटतात.

पत्रांतल्या तारखांनाही एक मेख आहे. ‘१६ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची १६, ‘अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्याची. जुन्या मराठी पत्रांतला ‘छ’ (मुसलमानी महिन्याच्या तारखेची खूण) जसा ओळखावा लागतो, तसंच.

जिनसेंगची गोष्ट खरी का?

नेथनने सांगितलेली आहे. चीनला जाणाऱ्या जिनसेंग मुळ्यांना तेव्हा चांगला भाव होता. बूनने १७८७-८८ च्या हिवाळ्यात कित्येक टन माल गोळा केला, नदीतून वर नेताना होडीत पाणी शिरलं आणि बराचसा भिजून खराब झाला. उरलेला घेऊन पोचेपर्यंत बाजारही पडला होता.

विधिमंडळात त्याने काय केलं?

फार काही नाही. व्हर्जिनियात प्रत्येक काउंटीला दोन प्रतिनिधी असत. बून प्रथम फयेटतर्फे गेला, शेवटी कनावा काउंटीतर्फे. त्याचं एकही गाजलेलं भाषण नाही. पहिल्याच वर्षी मात्र नाट्य घडलं. जून १७८१ मध्ये ब्रिटिश घोडदळाच्या टार्ल्टनने शार्लट्सव्हिलवर छापा घातला. गव्हर्नर जेफरसन निसटला, काही प्रतिनिधी सापडले, त्यांत बून. थोड्याच दिवसांत त्याला सोडून दिलं.

१७९१ च्या कारकिर्दीचा एक कागद बोलका आहे. त्याच वर्षी बूनने गव्हर्नर हेन्री ली याच्याकडे कनावातल्या मिलिशियाला रसद पुरवण्याचा ठेका मागितला आणि त्याला तो मिळाला. आमदारही तोच, ठेकेदारही तोच! आपल्याला यात काही नवं वाटायचं कारण नाही. फरक इतकाच की बूनला त्यातून कमाई झाली नाही. कॅप्टन ह्यू केपर्टनशी त्याचं बिनसलं, रसद पोचेना, तक्रारी वर गेल्या आणि ठेका दुसऱ्याकडे गेला.

त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं होतं. त्याची कागदपत्रं आहेत का?

अधिकृत नोंद हाती नाही. फेब्रुवारी १७७८ मध्ये मीठ काढायला गेलेल्या तुकडीसह बून शॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या हाती लागला, जूनमध्ये पळून चार दिवसांत १६० मैल तोडून बून्सबरोला आला. माणसं शत्रूच्या हवाली केली, असा आरोप रिचर्ड कॅलवे आणि बेंजामिन लोगन यांनी ठेवला. निकाल निर्दोष, वर मेजरपदी बढती. हे आपल्याला कळतं ते मुख्यतः डॅनियल ट्रेब्यू या समकालीनाच्या आठवणींतून, आणि त्याही ड्रेपरच्याच संग्रहात आहेत. बून स्वतः या प्रकरणावर बोलणं टाळत असे.

त्याचं स्पेलिंग खरंच इतकं वाईट होतं?

कानाला येईल तसं लिहायचा. ‘रोड’च्या शेवटी ‘इ’ लावून ‘रोडे’ वाटेल असं, ‘एक्सलन्सी’ तर दर वेळी वेगळं. पण अक्षर वाचता येतं आणि म्हणणं कळतं. त्या काळच्या सरहद्दीवर हे कमी नव्हतं.

एक गोष्ट मात्र तो चुकत नसे. स्वतःच्या आडनावाच्या शेवटी ‘इ’ हे अक्षर. म्हणून ‘डी. बूनने इथे अस्वल मारलं’ असं ‘इ’विना कोरलेली जी झाडं ठिकठिकाणी दाखवतात, त्यांच्याकडे संशयानेच पाहावं.

बूनची बायको रिबेका हिची पत्रं आहेत का?

नाहीत. १७५६ मध्ये लग्न झालेल्या, दहा मुलं वाढवलेल्या या बाईला लिहिता येत नव्हतं. दस्तांवर तिची खूण आहे. तिच्याबद्दल कळतं ते मुलगा आणि सून यांच्या तोंडून.

गुलामांचा उल्लेख येतो का?

येतो. १७८७ च्या सुमारास बूनच्या मालकीचे सात गुलाम होते. त्या वेळच्या केंटकीत ही संख्या लहान नव्हे. घोडे आणि एकर मोजावेत तशी माणसं मोजलेली त्या नोंदींत दिसतात. चरित्रकारांनी दीर्घकाळ ही पानं भराभर उलटली.

शॉनींची बाजू कुठे सापडेल?

या संग्रहात थेट फारच कमी. ब्लॅकफिश या प्रमुखाने बूनला मुलगा मानून घरात घेतलं आणि शेल्टोवी, म्हणजे मोठा कासव, असं नाव दिलं, हे आपल्याला गोऱ्यांच्याच लेखणीतून कळतं. शॉनी नेता तेकुम्से याच्यावरची ‘वायवाय’ मालिका ड्रेपरने वेगळी जमवली, ती अवश्य चाळावी. तरी प्रश्न विचारणारा ड्रेपर आणि त्याला हवे होते ते वसाहतवाल्यांचे वीर, हे विसरू नये.

बूनने आत्मचरित्र लिहिलं नाही?

१७८४ मध्ये जॉन फिल्सनने केंटकीवरच्या पुस्तकात ‘कर्नल बून’चं कथन प्रथमपुरुषी छापलं आणि बून युरोपापर्यंत प्रसिद्ध झाला. घटना बूनने सांगितलेल्या, भाषा मात्र शाळामास्तर फिल्सनची. ‘रोड’ नीट न लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी अलंकारिक वाक्यं आहेत. म्हातारपणी बूनने नातवाला आठवणी सांगून लिहवून घेतल्या होत्या, पण ते हस्तलिखित मिझुरीत होडी उलटून वाहून गेलं, असं घरच्यांनी सांगितलं.

मिझुरीत तरी जमीन टिकली का?

१७९९ मध्ये तो तिकडे गेला तेव्हा ते स्पॅनिश राज्य होतं. त्याला १००० आर्पेंट, म्हणजे सुमारे ८५० एकर मिळाले आणि सिंडिक म्हणून गावचा न्यायनिवाडाही त्याच्याकडे आला. १८०३ मध्ये अमेरिकेने मिझुरीसह सगळा लुइझियाना मुलूख विकत घेतला. स्पॅनिश नियमांप्रमाणे वहिवाट आणि नोंदी पुऱ्या केल्या नव्हत्या म्हणून दावा फेटाळला गेला. म्हणजे पुन्हा तेच! काँग्रेसकडे अर्ज गेले आणि फेब्रुवारी १८१४ मध्ये खास कायदा करून १००० आर्पेंट परत दिले. आदल्या वर्षी रिबेका गेली होती. केंटकीचे जुने सावकार बातमी कळताच मिझुरीत हजर झाले आणि जमीन विकून त्यांची देणी गेली. सगळं फेडल्यावर हाती अर्धा डॉलर उरला, असं सांगतात. त्या अर्ध्या डॉलरची पावती कुठे नाही.

नवख्याने कुठून सुरुवात करावी?

११ फेब्रुवारी १७९६ चं केंटकीचा गव्हर्नर आयझॅक शेल्बी याला लिहिलेलं पत्र आधी वाचा. छोटं आहे. वाइल्डरनेस रोड गाड्या जातील असा रुंद करायचा ठरलं होतं. एकसष्ट वर्षांचा बून त्यात लिहितो की हे काम मी घ्यावं असा विचार आहे, ती वाट पहिल्यांदा मीच दाखवली होती. काम दुसऱ्यांना मिळालं.